मुळावर घाव घालताना

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन जमीन भिजली, की आपल्याकडे झाडे लावण्याचा हंगाम सुरू होतो. शाळा, देवस्थाने, पंचायती, महिला मंडळे अशा साऱ्यांनाच त्या दिवसांत हिरवाईची ओढ लागते. कन्हैयालाल मुन्शी यांनी केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५० मध्ये वनमहोत्सवाची प्रथा घालून दिली आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा या कार्याला वाहिलेला आहे. रोपे वाटली जातात, खड्डे खणले जातात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु जुलैत लावलेले रोप पुढच्या मे महिन्यात कोठे असते, हा प्रश्न मात्र त्या उत्साहात कोणी विचारीत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेले असते: उन्हाळा कडक होता, पाणी मिळाले नाही, गुरांनी खाल्ले. ही कारणे खोटी नसतात. पण ती पुरीही नसतात.

आमच्या परिचयाच्या एका शाळेने आपल्या आवाराच्या एका बाजूला करवंदाचे कुंपण घालण्याचे ठरविले. कल्पना उत्तम होती. करवंद हे आपल्या सड्यांवरचे, जांभ्या दगडाच्या फटीत मूळ रोवून उभे राहणारे, काटेरी आणि काटक झुडूप. आपल्या बोलीत त्याच्या फळांना ‘कांटां’ म्हणतात आणि ती वेचण्यात ज्याचे बालपण गेले नाही, असा माणूस आपल्या पिढीत विरळाच. मुलांनी मोठ्या हौसेने रोपे लावली. पहिल्या पावसाळ्यात ती तजेलदार दिसली. पहिल्या उन्हाळ्यात शिक्षकांनी आणि मुलांनी पाळीपाळीने पाणी घातले, म्हणून ती तगली. पण दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक रोपे जागच्या जागी वाळली. ज्या झुडपाला रानात कोणी थेंबभर पाणी घालीत नाही, ते शाळेच्या अंगणात तहानेने मरावे, हे कोडे आम्हालाही उलगडेना. म्हणून वाळलेले एक रोप आम्ही उपटून पाहिले. त्यासाठी जोर लावावाच लागला नाही. ते अलगद वर आले. आणि त्याच्या बुडाशी जे दिसले, त्याने साऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला. दोन पावसाळे जमिनीत राहूनही त्या रोपाची मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीच्याच आकारात होती. बांगडीसारखी एकावर एक वेटोळी घालून ती एकमेकांना आवळून बसली होती. पिशवी केव्हाच फाडून टाकली होती. पण मुळांनी पिशवी सोडलीच नव्हती.

त्या दिवशी आमच्या मनात जो विचार आला, तो वरवर क्रूर वाटेल. ही रोपे कदाचित वाचली असती, जर लावण्यापूर्वी कोणी त्यांची मुळे कापली असती.

‘मुळावर घाव घालणे’ या शब्दांना आपल्या भाषेत सर्वनाशाचा अर्थ आहे. एखाद्याच्या ‘मुळावर उठणे’ म्हणजे त्याच्या जिवावर उठणे. फांदी छाटताना ज्याचा हात कचरत नाही, तो माळीही मूळ तोडताना थबकतो आणि घरची गृहिणी तर रोपाचे एक तंतुमूळ तुटले तरी हळहळते. या भावनेत जीवमात्राविषयीची करुणा आहे आणि तिचा आम्ही अनादर करू इच्छित नाही. पण करुणेला ज्ञानाची जोड नसली, की ती ज्याच्यावर करावी त्याचाच घात करते. मुळांची छाटणी हा विषय म्हणूनच थोडा समजून घेण्याजोगा आहे.

मूळ पाणी पिते, एवढे आपण सर्व जाणतो. परंतु सगळे मूळ पाणी पीत नाही. जुने, जाड, तपकिरी झालेले मूळ हे बव्हंशी वाहिनीचे आणि आधाराचे काम करते. त्याच्यावरची साल पाण्याला सहजी आत येऊ देत नाही. पाणी आणि क्षार शोषून घेण्याचे बहुतेक काम चालते ते कोवळ्या, पांढऱ्या टोकांच्या थोडे मागे, जेथे अतिसूक्ष्म मूलरोमांची लव असते तेथे. हे रोम इतके नाजूक असतात की त्यांचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर आठवड्यांचे असते. रोप जमिनीतून उपटले, की ते आधी तुटतात. तेव्हा वाफ्यातून उपटून लावलेल्या कोणत्याही रोपाची मुळे ‘न दुखवता’ लावणे हे बोलण्यापुरतेच शक्य आहे. उपटणे हीच एक छाटणी असते. ती धारदार पात्याने, विचारपूर्वक करायची, की हिसका देऊन, फाडून करायची, एवढाच काय तो निवडीचा भाग आपल्या हाती असतो. मोठी झाडे मुळासकट हलवितात तेव्हा तर मातीच्या गड्ड्याबरोबर येणारी मुळे ही एकूण मुळांचा एक लहानसा अंश असतो. बाकीची सारी जुन्या जागीच राहतात.

मूळ कापले की काय होते? पुष्कळ रोपांत बी रुजताच एक सरळ सोटमूळ खाली जाते. त्याचे टोक जोवर शाबूत असते, तोवर ते आपल्या बाजूच्या उपमुळांवर एक प्रकारचा वचक ठेवून असते. ज्याप्रमाणे शेंडा खुडला की झुडूप बाजूंनी फुटते, त्याचप्रमाणे सोटमुळाचे टोक कापले की कापलेल्या जागेच्या मागून उपमुळे फुटू लागतात. चार्ल्स डार्विन यांनी १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी मुळाच्या टोकाची तुलना क्षुद्र प्राण्याच्या मेंदूशी केली होती, ती उगीच नव्हे. पुढे शास्त्रज्ञांनी या घडामोडींमागची संजीवके ओळखली. कोवळ्या पानांत आणि शेंड्यांत तयार होणारे ऑक्सिन नावाचे संजीवक खाली मुळांकडे उतरते. मुळाचे टोक नाहीसे झाले, की ते जखमेच्या मागल्या भागात साचते, शिवाय तेथे नव्यानेही तयार होते आणि नवी मुळे फुटण्याचा इशारा देते. कापलेल्या जागेजवळची एखाद-दुसरी उपमुळे खाली वळून सोटमुळाची जागा घेतात. बाकीची आडवी पसरतात. एका लांब दोरीच्या जागी अशा रीतीने एक झुपका तयार होतो.

पण हे फुकट होत नाही. मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन नावाची दुसरी संजीवके तयार होऊन वर जातात आणि शेंड्यांची वाढ चालू ठेवतात. टोके गेली की तो पुरवठा तुटतो आणि वरची वाढ मंदावते. पाणी शोषणारा भाग कमी झाल्याने पानांवर ताण पडतो. नवी मुळे घडवायला लागणारी साखर पानांना आणि खोडातल्या साठ्याला पुरवावी लागते. झुडपाचा वरचा पसारा आणि खालचा पसारा यांत एक तोल असतो. तो बिघडला की वनस्पती आपली सारी कमाई काही काळ मुळांकडे वळविते आणि तोल सावरला म्हणजेच पुन्हा वर वाढू लागते. छाटणी केलेले रोप काही आठवडे ‘बसून राहिल्यासारखे’ दिसते, त्याचे कारण हे. ते आळशी झालेले नसते. तळघरात काम करीत असते. या मधल्या काळात त्याला पाणी, सावली आणि निवांतपणा मिळाला तर छाटणी वरदान ठरते. न मिळाला तर तीच त्याच्या मुळावर येते. या विषयाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, असे आम्हास वाटते.

हे ज्ञान आपल्याला परके आहे असे मात्र कोणी समजू नये. शब्दांत नसले तरी ते आपल्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहे. भाताची लावणी पाहा. आषाढात तरवा उपटतात, मुळांची माती झाडून मुठी बांधतात आणि चिखलात रोवतात. या एवढ्या खटाटोपात तरव्याच्या कोवळ्या मुळांपैकी किती शाबूत राहत असतील? लावलेले शेत पहिले काही दिवस पिवळे, मरगळलेले दिसते. नवख्याला वाटते, गेले सारे! पण शेतकरी निश्चिंत असतो. कारण आठ-दहा दिवसांत नवी मुळे धरतील आणि शेत काळोखे हिरवे होईल, हे त्याला ठाऊक असते. तरवा फार उंच झाला असेल तर तो पानांचे शेंडेही खुडतो. मुळे तुटल्यावर वरचा भार हलका केला पाहिजे, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. आणि मुख्य म्हणजे हे सारे तो भर पावसात, पाण्याने भरलेल्या शेतात करतो. घाव आणि पाणी यांची सांगड त्याने अचूक घातलेली असते.

दुसरे उदाहरण अंगणातल्या तुळशीचे. वृंदावनातली जुनी तुळस जून झाली, की तिच्याच मंजिऱ्यांतून पडलेले बी आसपासच्या भेगांत रुजते. पावसाळ्यात घरातली वडीलधारी बाई त्यातले एखादे बोटभर रोप उचकटून काढते. निम्मे मूळ भेगेत तुटून राहते. तरी ती तुळस वृंदावनात अशी फोफावते की कार्तिकात लग्नाला उभी राहते. याउलट तुळशीचे विवाह तोंडावर आले असता बाजारातून आणलेले, पिशवीत दोन-दोन वेळा मंजिऱ्या येऊन गेलेले उंच रोप कित्येकदा होळीपर्यंतही टिकत नाही. पहिल्याचे मूळ तुटलेले होते, पण त्याच्यासमोर सारा पावसाळा होता आणि नवी मुळे मोकळ्या मातीत फुटली. दुसऱ्याचे मूळ अखंड होते. पण ते स्वतःभोवतीच फिरत राहिलेले होते.

यातूनच आपण प्लॅस्टिकच्या पिशवीकडे येतो. पूर्वी रोपे गादीवाफ्यात, मातीच्या कुंड्यांत किंवा बांबूच्या टोपल्यांत वाढवीत. पॉलिथिनची काळी पिशवी आली आणि रोपवाटिकांचे रूपच पालटले. ती स्वस्त, हलकी, वाहून न्यायला सोयीची. त्या पिशवीचे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण तिची भिंत गुळगुळीत असते. मूळ वाढत वाढत भिंतीला लागते. ती भेदता येत नाही, म्हणून भिंतीला धरून गोल फिरू लागते. सोटमूळ बुडाशी पोचते आणि तेथे वेटोळे घालून बसते. रोप वेळीच लावले तर फारसे बिघडत नाही. पण आपल्या रोपवाटिकांत, यंदा न खपलेले रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच पिशवीत राहते, वरून उंच होते आणि म्हणून अधिक किमतीला विकले जाते. ग्राहक उंची पाहतो. मुळे कोणीच पाहत नाही.

असे रोप खड्ड्यात लावले तरी जाड झालेली वेटोळी सरळ होत नाहीत. लाकूड बनलेल्या मुळाला आकाराची आठवण राहते, असे म्हटले तरी चालेल. खड्डा दोन फुटांचा असला, तरी रोप वीतभर गोळ्यातच पाणी शोधीत राहते. पावसाळ्यात ते कमी पडत नाही. उन्हाळ्यात वरून पाणी घातले तरी भागते. परंतु झुडूप वाढले, पानांचा पसारा मोठा झाला, की तेवढ्या मुळांना तो पोसवत नाही. शिवाय वेटोळी जाड होत जातात तसतशी ती एकमेकांना आणि खोडाच्या बुंध्यालाही आवळतात. फास हळूहळू घट्ट व्हावा तसे हे घडते. म्हणूनच अशी रोपे पहिल्या वर्षी न मरता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतात, किंवा वादळी वाऱ्यात बुंध्याशी हलतात आणि कलंडतात. तोवर समारंभ विस्मरणात गेलेला असतो आणि दोष उन्हाळ्याच्या माथी मारला जातो.

या रोगावर उपाय शोधणारांनी शोधले आहेत. अमेरिकेत कार्ल व्हिटकॉम्ब या उद्यानतज्ज्ञांनी दुधाच्या बिनबुडाच्या खोक्यांत रोपे वाढवून, ती खोकी जाळीवर अधांतरी ठेवून पाहिली. सोटमूळ खाली उतरून मोकळ्या हवेत आले, की त्याचे टोक वाळते आणि आपोआप छाटले जाते. मग मागून उपमुळे फुटतात. कात्री नको, पाते नको, मजूर नको. हवाच छाटणी करते. याच तत्त्वावर पुढे कडक प्लॅस्टिकची, आतून उभ्या धारा असलेली, तळाला भोक असलेली नळकांडी निघाली. त्यांना ‘रूट ट्रेनर’ म्हणतात आणि आपल्या देशातील वनखात्यांच्या अनेक रोपवाटिकांत ती मांडवावर टांगलेली दिसतात. त्यांतील उभ्या धारा मुळाला गोल फिरू देत नाहीत, खाली वळवितात. काही ठिकाणी भांड्याच्या आतल्या बाजूला तांब्याच्या क्षाराचा लेप देतात. मूळ त्याला लागले की तेथेच थांबते. आणि ज्या रोपवाटिकांना यांपैकी काहीच परवडत नाही, त्यांच्यासाठी एक जुनाच उपाय आहे. काही आठवड्यांच्या अंतराने पिशव्यांची जागा बदलणे. पिशवीच्या भोकांतून जमिनीत शिरलेली मुळे त्यामुळे तुटतात आणि रोपाला पिशवीतच दाट मुळे फुटतात. काम कष्टाचे आहे. म्हणूनच ते बहुधा टाळले जाते. मग गिऱ्हाईक आल्यावर पिशवी हिसका देऊन उचलतात आणि रोपाचे सर्वांत कामाचे मूळ जमिनीत राहते. ही छाटणीच, पण ऐन निघण्याच्या घटकेला, सावरायला एक दिवसही न देता केलेली.

इतके वाचून कोणी उत्साहाने कोयता घेऊन रोपांच्या मागे लागू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुळांच्या छाटणीविषयी जे प्रयोग झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष सरसकट एकाच दिशेचे नाहीत. वेटोळी कापल्याने मुळांची ठेवण सुधारते, याविषयी फारसा मतभेद नाही. पण त्यामुळे रोप लगेच अधिक वेगाने वाढतेच असे नाही. कित्येकदा कापलेले आणि न कापलेले रोप पहिल्या वर्षी सारखेच दिसते. छाटणीचा लाभ हा पुढच्या वर्षांत, दुष्काळात आणि वादळात पदरी पडणारा आहे.

तसेच जेथे उन्हाळा दीर्घ आणि जमीन कोरडी, तेथे सोटमूळ हीच झुडपाची जीवनदोरी असते. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरांवर बुचाच्या ओकसारखी रोपे लावणारांना आढळून आले की, उथळ भांड्यात सोटमूळ लवकर छाटले गेलेल्या रोपांपेक्षा खोल भांड्यात लांब सोटमूळ घेऊन आलेली रोपे पाणीटंचाईत अधिक तग धरतात. ही गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्यानंतर सात-आठ महिने सड्यावरची पातळ माती तापत राहते. तेथे टिकणारे करवंद टिकते ते जांभ्याच्या फटीतून खोल गेलेल्या मुळाच्या जोरावर. अशा जागी शक्य असेल तर बीच जागेवर टोचावे, हे सर्वांत उत्तम. करवंदाचे बी साठविले तर त्याची उगवणशक्ती लवकर जाते. म्हणून मे-जूनमध्ये फळे खाल्ली की लगेच बिया पेराव्यात. निसर्गही तेच करतो. रोप लावायचेच असेल तर ते लहान, खोल पिशवीतले, एका हंगामाहून जुने नसलेले घ्यावे. त्याची छाटणी बुडाच्या वेटोळ्यापुरतीच करावी आणि मृग-आर्द्रातच ते लावावे, म्हणजे हस्ताचा पाऊस सरेपर्यंत त्याला नवे मूळ खाली धाडायला तीन-साडेतीन महिने मिळतील. गणपतीनंतर मुळे छाटून लावलेले रोप म्हणजे जखमी माणसाला उन्हात उभे करणे होय.

आणखी एक सावधगिरी. मुळावरची जखम हे रोगाला उघडे दार असते. वांगी-मिरचीच्या पिकात आपल्याकडे जिवाणूजन्य मर रोगाचा उपद्रव मोठा आहे आणि तो जिवाणू मातीतून मुळांच्या जखमांवाटेच आत शिरतो. ज्या वाफ्यात हा रोग येऊन गेला आहे, तेथे या रोपांची मुळे मुद्दाम कापणे म्हणजे संकटाला आमंत्रण. छाटणी हा नियम नव्हे. तो उपचार आहे, आणि उपचार रोग्याची प्रकृती पाहूनच करायचा असतो.

ज्यांना परसात एखादे झुडूप लावायचे आहे, त्यांच्यासाठी व्यवहारातल्या चार गोष्टी सांगतो. रोप विकत घेताना उंची पाहू नये. बुंध्याची जाडी पाहावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन पिशवीचे बूड चाचपावे. हाताला दोरखंडाचे वेटोळे लागले तर ते रोप नाकारावे. लावण्यापूर्वी रोपाला भरपूर पाणी घालावे, पिशवी पूर्ण फाडून काढावी. अर्धवट फाडलेली पिशवी म्हणजे अर्धवट काढलेला फास. बुडाशी गोळा झालेले मुळांचे जाळे धारदार पात्याने एक-दोन सेंटिमीटर कापून टाकावे. बाजूने मुळे गोल फिरलेली असतील तर मातीच्या गोळ्याला वरपासून खालपर्यंत तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात. एकूण मुळांचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एका वेळी काढू नये. घाव स्वच्छ असावा. बोथट कोयत्याने चेचलेले मूळ सडते, कापलेले भरून येते. वरची पाने सरसकट ओरबाडू नयेत. कारण नव्या मुळांना लागणारी साखर आणि संजीवके त्याच पानांतून यायची असतात. त्याऐवजी झावळीची सावली करावी आणि पावसाने उघडीप दिली तर पाणी घालावे.

घर पाडून नवे बांधताना किंवा रस्त्यासाठी कुंपण मागे घेताना जुनी जास्वंद वा मोगरी हलविण्याची वेळ अनेकांवर येते. त्यांनी घाई करू नये. शक्य तर एक पावसाळा आधी झुडपाभोवती अर्ध्या वर्तुळात कुदळीने चर खणून तेथली मुळे कापावीत आणि चर कुजलेल्या पाल्याने व मातीने भरून टाकावा. काही आठवड्यांनी, त्या बाजूला नवी मुळे धरली की उरलेले अर्धे वर्तुळ करावे. मग कापलेल्या जागी बुंध्याजवळ तंतुमुळांचा झुपका तयार होतो आणि पुढच्या पावसाळ्यात झुडूप गड्ड्यासकट उचलले, तर ते आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते. घाव आधी घालून, भरून येऊ देऊन मग प्रवासाला काढणे, यात जो विचार आहे तो बुलडोझरने एका सकाळी झाडे उपटून दुसरीकडे रोवणाऱ्यांना मुळीच सुचत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता राहिला सार्वजनिक भाग आणि आमच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा १९८४ मध्ये झाला. झाड तोडणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात नवी झाडे लावावीत, हे बंधन त्यात आहे. हेतू उदात्त आहे. पण ‘लावणे’ या क्रियापदाचा अर्थ आपण फार स्वस्त करून टाकला आहे. खड्ड्यात उभे केले म्हणजे लावले, अशी आपली समजूत झाली आहे. रोपांची खरेदी संख्येवर आणि उंचीवर होते, अहवाल संख्येचा लिहिला जातो, टाळ्या संख्येला पडतात. या संपूर्ण व्यवहारात मूळ ही एकच गोष्ट अशी आहे की जी कोणाच्याही नजरेस पडत नाही आणि सारे काही तिच्यावरच अवलंबून असते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रोपवाटिकेकडून मोठ्या प्रमाणावर रोपे घेताना प्रत्येक खेपेतील काही रोपांच्या पिशव्या फोडून मुळे पाहावीत आणि वेटोळी आढळल्यास ती खेप परत करावी. त्यात दोन-चार रोपे वाया जातील. पण शेकडो वाचतील. दोन, जुन्या पिशवीतले उंच रोप महाग आणि कोवळे रोप स्वस्त, ही उलटी रीत खरेदीच्या नियमांतूनच मोडावी. तीन, लावलेल्या झाडांची मोजदाद जुलैत न करता पुढच्या मे महिन्यात करावी, आणि पुन्हा त्याच्या पुढच्या मे महिन्यात करावी. जी जिवंत असतील तेवढीच लावली असे धरावे. जी मेली असतील त्यांतील काही उपटून त्यांच्या बुडाकडे पाहावे. मेलेले रोप खोटे बोलत नाही.

ज्या शाळेची गोष्ट आम्ही प्रारंभी सांगितली, तेथे यंदा पुन्हा करवंदे लावायची ठरली आहेत. या खेपेस मुलांनी उन्हाळ्यात खाल्लेल्या करवंदांच्या बिया जपून काढल्या आणि पहिल्या पावसाबरोबर कुंपणाच्या ओळीतच टोचल्या. जेथे बी रुजले नाही, तेथे रिकामी जागा भरण्यापुरती थोडी लहान रोपे आणली. त्या रोपांच्या पिशव्या फाडून शिक्षकांनी मुलांच्या हाती पाते दिले, तेव्हा एक मुलगी मागे सरली आणि म्हणाली, “सर, त्याला दुखेल.” शिक्षकांनी तिला गेल्या वर्षीचे वाळलेले मूळ दाखविले. तिने ते बराच वेळ हातात धरून उलटसुलट पाहिले आणि मग सावकाश, एका बाजूने, वेटोळे कापले. तिचे ते रोप जगेल की नाही, हे दुसऱ्या मे महिन्यात कळेल. आम्ही तेव्हा पुन्हा तेथे जाणार आहोत.